कात्रपमधली लॅपटॉपबाधा

कात्रपमधल्या बनूबाईंच्या घरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यापर्यंत चपलांचा खच पडला होता. ज्यांना दिवाणखान्यात शिरता आलं नाही, ते स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून माना उंचावत होते. घरात लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, सत्यनारायणही नव्हता. पाटावर लाल वस्त्र, वस्त्रावर तांदळाची रास आणि राशीसमोर, एरवी जिथे देव बसतात तिथे, एक काळाकुळकुळीत लॅपटॉप उघडा बसला होता. त्याला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. माळेचं एक टोक कीबोर्डवर लोळत होतं. पंख्याच्या वाऱ्याने ते हललं की एखादं बटण दाबलं जाई, लॅपटॉप 'टुक्' करी, आणि प्रत्येक टुक्‌सरशी मंडळी हात जोडत.

"बोलतोय, बोलतोय!" त्याच इमारतीतल्या मोतीबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या.

पाटासमोर यंत्रानंद महाराज बसले होते. उल्हासनगर कॅम्प एकमधून खास रिक्षा करून त्यांना आणलं होतं. अंगात भगवी कफनी, खांद्यावर जाडजूड शाल, आणि गळ्यातल्या रुद्राक्षांच्या माळेत मधोमध ओवलेला एक पेनड्राइव्ह. इतर बाबालोक माणसांची भुतं उतरवतात. यंत्रानंदांनी काळाची पावलं ओळखून यंत्रांचं खातं घेतलं होतं.

"यंत्र, मंत्र, तंत्र!" महाराज गरजले. "तिन्ही एका कुळातले! या यंत्राच्या सी ड्राइव्हमध्ये राहू बसला आहे, डी ड्राइव्हमध्ये केतू. दोघांच्या मध्ये बिचारी विंडोज अडकली आहे. ती येणार कुठून?"

"येणार कुठून!" मोतीबाईंनी री ओढली. त्यांच्या घरात कॉम्प्युटरच काय, कॅल्क्युलेटरही नव्हता, पण राहू-केतू त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते.

बनूबाई भिंतीशी उभ्या होत्या. घर त्यांचं, पाट त्यांचा, तांदूळही त्यांचेच. तरी आपण परक्याच्या घरी आल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांची नजर पुन्हा पुन्हा आतल्या खोलीच्या दाराकडे जात होती. तिथे त्यांची सून सोनिया उभी होती, आणि तिच्या पायाशी तिची भरलेली बॅग होती. महाराजांनी तिचाच दोष काढला, तर सकाळ झाली की तिला शहाडला माहेरी सोडून यायचं, असं घरात ठरलं होतं.

एवढं रामायण घडलं ते या लॅपटॉपमुळे. लोडशेडिंगचे आणि सीडीचे ते दिवस. सोनियाने लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, आणि सकाळच्या वेळात याच दिवाणखान्यात कॉलनीतल्या मुलीबायकांसाठी क्लास काढायचा तिचा बेत होता. सासरे कोंडाजी अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः पाटी रंगवून आणली होती. अभिजीतने, म्हणजे सोनियाच्या नवऱ्याने, उल्हासनगरच्या एका दुकानातून लॅपटॉप घेतला. तो कोरा होता. विंडोज आत घातल्याशिवाय असा लॅपटॉप म्हणजे नुसता डबा, आणि ती घालायची तर एका सीडीवरून. सीडी दुकानदाराने वेगळी दिली होती.

नवी वस्तू घरात आली की बनूबाई तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढत. फ्रिजवर होतं, अभिजीतच्या स्कूटरवर होतं, पाण्याच्या फिल्टरवरही होतं. लॅपटॉप आला तेव्हाही त्या वाटी घेऊन पुढे झाल्या. सोनिया हसत म्हणाली, "आई, याच्यावर नको ना. डाग पडेल." बनूबाईंनी ऐकलं. सुनेचं ऐकलं, पण देवाचं राहून गेलं, ही रुखरुख त्यांना स्वस्थ बसू देईना. ती त्यांनी आपल्या परीने मिटवली. कशी मिटवली, ते पुढे येईलच.

सोनियाने सीडी आत सरकवली, लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली, फायली भराभर आत उतरू लागल्या. आकडा चढत चाळीस टक्क्यांच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. 'ही फाइल कॉपी करता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर एंटर दाबा,' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. सोनियाने एंटर दाबलं. पुन्हा तेच वाक्य. पहिल्यापासून सुरुवात केली, तरी गाडी पुन्हा त्याच आकड्यावर अडली. अभिजीतने दुकानदाराला फोन लावला. "माल एकदम ओके है भाई," तो म्हणाला, "मशीन भी, सीडी भी, मैंने खुद चेक किया है. आप लोगों ने ही कुछ किया होगा."

या वाक्यातलं 'आप लोगों ने' कुणी मनावर घेतलं नाही. मोतीबाईंनी मात्र ते उचललं आणि अनेकवचनाचं एकवचन करून टाकलं. "तुझ्या सुनेचा हात," त्या बनूबाईंना म्हणाल्या. "ती आल्यापासून बघ. इमारतीची पाण्याची मोटार जळली की नाय? माझा टीव्ही पट्टे दाखवतो की नाय? तिचा हात यंत्राला बाधतोय गं!" मोटार जळली त्या दिवशी सोनिया गच्चीवर कपडे वाळत घालत होती, हेही कुणाच्या तरी लक्षात आलं. खरं तर अभिजीतनेही एंटर दाबून पाहिलं होतं आणि तोही तिथेच अडला होता. पण तेव्हा सोनिया त्याच्या शेजारी बसली होती, म्हणून ते धरायचं नाही असं ठरलं. अशा कामी माणसं फार काटेकोर होतात.

मग महाराजांचं नाव निघालं. यंत्राची नाडी पाहायची म्हणून त्यांनी लॅपटॉप सीडीसकट एक रात्र आपल्या मठात ठेवून घेतला. आणि आज ते निवाडा द्यायला आले होते.

"कन्ये, पुढे ये," महाराज म्हणाले. "चालव यंत्र."

सोनिया पाटासमोर बसली. तिने माळ बाजूला केली. टुक्‌टुक् थांबलं, तशी दोघी-तिघींची निराशा झाली. घरातली सीडी आतच होती. निळा पडदा, पांढरी अक्षरं, चढता आकडा. मंडळी श्वास रोखून बघत राहिली. चाळीसच्या पुढे आकडा थबकला. सोनियाने एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. आकडा ढिम्म हलेना.

"पाहिलंत?" महाराजांनी सभोवार नजर फिरवली. "आता आम्ही उतारा करतो."

त्यांनी खांद्यावरची शाल लॅपटॉपवर पांघरली आणि डोकं आत घातलं. आतून धूप निघाला, मंत्र निघाला, आणि 'खट्' असा आवाज झाला. "सीडीला धूप दाखवतो आहे," आतून खुलासा आला. पुन्हा 'खट्' झालं. मग शाल दूर झाली. "आता मुलाने दाबावं. मुलीने उंबऱ्याबाहेर थांबावं."

सोनिया बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. अभिजीतने बिचकत एंटर दाबलं.

आकडा हलला. एकेक करत पन्नाशी आली, साठी आली.

"गेला! राहू गेला!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या घराने टाळ्यांचा कडकडाट केला. नेमका त्याच क्षणी पंखा बंद पडला आणि ट्यूब विझली.

"पीडा!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पीडा जाताना वीज गिळून गेली!"

"महाराज," कोंडाजी नम्रपणे म्हणाले, "ती या वक्ताला रोजच जाते. लोडशेडिंग हाय."

पण मोतीबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होत्या. घरातली वीज गेली होती, आणि लॅपटॉप चालूच होता. "अगं बाई, लाइट नाय तरी चालतोय!" बॅटरी नावाची वस्तू त्यांच्या घड्याळातही होती, पण या घटकेला ती आठवायची कुणाला सवड होती? एक म्हातारबुवा तर चक्क साष्टांग पडले.

महाराजांनी घाईने लॅपटॉपचं झाकण मिटलं. "बस्स! अर्धी पीडा गेली. उरलेली या कन्येच्या हातांत आहे. हिचा हात यंत्राचा वैरी. हिने आयुष्यात पुन्हा यंत्राला शिवू नये. आणि अमावास्या होईपर्यंत ही या घरात नको."

बनूबाई उघड्या दाराबाहेर, जिन्याकडे बघू लागल्या. आयुष्यात पुन्हा शिवू नये? ही पोरगी रात्री जेवणं आटोपल्यावर कागदावर कीबोर्डाचं चित्र काढून सासूला अक्षरं दाखवायची. 'आई, तुम्हीपण माझ्या क्लासला बसा,' म्हणायची. पण महाराजांसमोर बोलायचं कसं, आणि काय बोलायचं? आकडा तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"माझ्या दारात कुणाच्या चपला आहेत?"

हा आवाज जिन्यातून आला. समोरच्या बिऱ्हाडातल्या मायाबाई अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्याकडे दर्शनी जागी बुद्धाची मूर्ती, आणि बाकीच्या भिंती पुस्तकांनी भरलेल्या. सोनियाच्या क्लासला पहिलं नाव त्यांनीच घातलं होतं. शाळेतून आल्या त्या चपलांच्या ढिगाला अडखळून इथवर पोहोचल्या. जिन्यात भिंतीला टेकून उभी असलेली सोनिया दिसली, तिच्याकडून दोन वाक्यांत हकीकत कळली. मग बाईंनी सोनियाचा हात धरला आणि सरळ आत आल्या.

"मुलीला बाहेर ठेवा!" महाराज म्हणाले.

"ती माझी शिक्षिका आहे," मायाबाई म्हणाल्या. "शिक्षिकेला दाराबाहेर ठेवून विद्यार्थिनीने आत बसायचं, असं आमच्या शाळेत चालत नाही. काय झालं म्हणता, मुलीने दाबलं तर अडलं आणि मुलाने दाबलं तर चाललं?"

"सगळ्यांनी बघितलंय, बाई," कोंडाजी म्हणाले.

"मध्ये काय केलं?"

"शाल टाकली. सीडीला धूप दाखवला."

"म्हणजे सीडी बाहेर काढली होती?" असं म्हणत बाईंनी झाकण उघडलं आणि बाजूचं बटण दाबलं. 'खट्' करून ट्रे बाहेर आला. त्यातली सीडी अभिजीतने उचलली आणि तो चमकला.

"अरे, ही आपली नाही! आपल्या सीडीवर छापलेलं आहे. ही तर पांढरी आहे, वर स्केचपेनने लिहिलंय." तो मोठ्याने वाचू लागला. "'विंडोज एक्सपी. हिंदुराव टीव्ही अँड डेक रिपेअर. वापरून झाल्यावर परत आणून देणे.'"



"हिंदुराव कोन?" कोंडाजींनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "ते आमचं पूर्वाश्रमीचं नाव."

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि आमची सीडी?" अभिजीतने विचारलं.  महाराज नुसते ताठ बसले होते, पण शालीला ताठ बसता येत नव्हतं. तिच्या घडीतून घरातली सीडी घसरली आणि तांदळाच्या राशीत जाऊन उभी रुतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लबाड माणूस एवढ्या लवकर संपत नाही, आणि भाबडी माणसं तर त्याहून चिवट असतात.

"होय, आम्हीच बदलली!" महाराज उसळून म्हणाले. "अभिमंत्रित सीडी आहे ती! मूळ सीडीला या कन्येचा हात लागला होता. ती दूषित झाली. आमची शुद्ध, म्हणून चालली. यात लपवायचं काय?"

"मग शालीखाली कशाला बदललीत?" मायाबाईंनी विचारलं. पण मंडळी तोवर माना डोलावू लागली होती. हात लागला, सीडी बिघडली. बरोबरच तर आहे!

बाई रागावल्या नाहीत. पन्नास पोरांच्या वर्गाला शिकवणारं माणूस इतक्यात रागावत नाही. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "महाराजांनी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. हात बदलला आणि सीडीही बदलली. मग गुण कशाचा आला, हाताचा की सीडीचा? शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोनिया, ही महाराजांची सीडी घे. नीट दोन्ही हातांनी धर. हवी तर गालाला लाव. आता घाल आत आणि पहिल्यापासून चालव."

"ती दूषित होईल!" महाराज ओरडले.

"तेच तर बघायचंय."

सोनिया पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. तिने सीडी आत सरकवली, बटणं दाबली. निळा पडदा आला. बनूबाई नकळत दोन पावलं पुढे सरकल्या. आकडा चाळीसच्या पुढे आला आणि न थांबता तसाच पुढे चढत गेला. सोनियाने कुणाकडे पाहिलं नाही. तिने फक्त आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"आता अभिजीत, तू. घरातली सीडी, तुझा हात. सोनिया, तू चांगली दूर, गॅलरीत उभी राहा."

अभिजीतने घरातली सीडी घातली. आकडा चढला आणि ठरल्या जागी अडला. एंटर, पुन्हा एंटर. "अरे यार!" तो म्हणाला. "म्हणजे हात कुणाचाही असो, लफडा सीडीतच आहे!"

"मग सीडीत काय आहे ते बघू," मायाबाई म्हणाल्या. "पडदा सारा जरा, उजेड येऊ दे." वीज गेलेलीच होती. कोंडाजींनी खिडकीचा पडदा ओढला, तसं उतरतं ऊन तिरपं घरात आलं. बाईंनी सीडी कडांनी धरून उन्हात तिरकी केली, जरा इकडे, जरा तिकडे.

आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर, बाहेरच्या अंगाला, एक स्वस्तिक उजळलं. रंग नव्हता, नुसत्या पुसट रेघा होत्या, पण चारही हात आणि मधले चार ठिपके स्पष्ट दिसत होते.

घरातून असा काही गलका उठला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"स्वस्तिक! सीडीमध्ये स्वस्तिक!"

"स्वयंभू!" महाराजांनी संधी झडप घालून पकडली. ते एकदम उठून उभे राहिले. "आपोआप प्रकटलेली देवीची मुद्रा! आता कळलं का, यंत्र का अडत होतं? देवी स्वतः वाट अडवून उभी आहे! ती सांगते आहे, या घरात मी येते, पण आधी त्या मुलीला बाहेर काढा!"

मघाशी फिस्सकन हसलेला माणूसही आता कान धरून उभा होता. मायाबाई काहीतरी सांगत होत्या, पण कोण ऐकतंय? ज्या उजेडात लबाडी उघडी पडायची, त्याच उजेडात नवा चमत्कार तयार झाला होता. म्हातारबुवा पुन्हा आडवे पडले. मोतीबाई तर बनूबाईंच्या पायाशी वाकल्या. "भाग्याची गं तू! तुझ्या घरात देवी परगटली!" कोंडाजींची छाती फुगली होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, की या दिवाणखान्यात आता छोटंसं मंदिर करायला हवं, मंगळवारी सगळं कात्रप लोटेल.

बनूबाई मात्र त्या स्वस्तिकाकडे बघत होत्या. त्याचा खालचा उजवा हात जरा आखूड होता. त्यांच्या अनामिकेला कोयतीची जुनी जखम होती, त्यामुळे तिथे वळताना बोट नेहमी अडखळायचं. फ्रिजवरच्या स्वस्तिकाचाही तो हात आखूडच होता.

गप्प बसायचं, एवढंच तर काम होतं. देवी घरात आली असती. जन्मभर या बाईला कुणी दोन वेळा वळून पाहिलं नव्हतं, तिच्या पायाला आता कॉलनी लागली असती. आणि सकाळ झाली की पोरगी शहाडला गेली असती. ती मुकाट्याने गेली असती, भांडली नसती, आणि उरलेलं आयुष्य आपल्या हातांना भीत राहिली असती. बनूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती वाटत होती, लाजही वाटत होती. पण त्या दोन्हींपेक्षा त्यांना स्वतःचाच राग आला.

"ते मी काढलंय," त्या म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही. मग त्या आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडल्या. "अरं, गप ऱ्हावा! देवीनं नाय, मी काढलंय ते!"

सगळे वळले.

"सोनिया म्हनली, लॅपटॉपला लावू नका. मंग मला वाटलं, ही तबकडी आत जानार, हिच्यातनंच सगळं आत उतरनार, तर शकुन हिलाच लावूया. एका बाजूला छापलेलं व्हतं, तिथं जागा कुठं? दुसरी बाजू आरशावानी दिसली. तुपात कुंकू कालवलं आन या बोटानं काढलं." त्यांनी अनामिका वर धरली. "मंग वाटलं अभी वरडंल. म्हनून पदरानं पुसून टाकलं."

"कुंकू पुसलं गेलं," मायाबाई हळूच म्हणाल्या. "तूप राहिलं."

"आई..." सोनिया म्हणाली. तिने आत येऊन सासूचं ते बोट हातात धरलं.

"देवीची इच्छा म्हणूनच त्यांच्या हातून—" महाराजांनी सुरुवात केली.

"तुमी बसा खाली, हिंदुराव!" बनूबाई कडाडल्या. "बोट माझं, तूप माझं, आन खोट माझ्या सुनेत? बाई, मला एक सांगा. तूप लागलं तर ती सुरुवातीला तरी का चालायची?"

मायाबाईंचा चेहरा खुलला. शिक्षकाला असा प्रश्न विचारला की त्याचा दिवस सार्थकी लागतो. "चकली कशी पाडता तुम्ही?"

"मधनं. आन गोल गोल बाहेर."

"सीडी तशीच वाचली जाते. मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर. आत एक बारीक प्रकाशाचा किरण असतो, तो खालून ही चकचकीत बाजू वाचत जातो. आतल्या वेढ्यांवर काही नव्हतं, तोवर बिनबोभाट चालायचं. पुढे तुपाचे वेढे आले की किरणाला वाचता येत नव्हतं, म्हणून ते वाक्य यायचं. दर वेळी त्याच जागी, कारण तूप त्याच जागी होतं. हिंदुरावांनी मठात नेऊन आपली सीडी घालून पाहिली असणार. ती चालली, तेव्हाच त्यांना कळलं की मशीनमध्ये काही दोष नाही. सीडी बदला, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी सून बदला म्हणून सांगितलं."

"माझ्या स्वस्तिकापाशी येऊन अडायचं तर!" बनूबाईंनी कपाळावर हात मारला, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. मग सोनिया हसली, अभिजीत हसला, आणि हळूहळू सगळं घर हसायला लागलं. कोंडाजींनी पाटासमोरचा नारळ उचलला आणि हिंदुरावांच्या हातात दिला, म्हणजे त्यांनी आता निघावं.

"आमची सीडी," हिंदुराव पुटपुटले.

"हो, घ्या की. 'परत आणून देणे' लिहिलंच आहे," अभिजीत म्हणाला.

सोनियाने घरातली सीडी नळाखाली धरली, भांड्याच्या साबणाचं एक बोट लावलं, आणि मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे हलक्या हाताने पुसून कोरडी केली. कुणी शाल पांघरली नाही की धूप जाळला नाही. ती पाटासमोर न बसता लॅपटॉप उचलून टेबलावर घेऊन गेली, आणि बायका तिच्या खुर्चीभोवती जमल्या. चाळीसच्या जवळ आकडा आला तशा बायका पुढे झुकल्या. मग एकेचाळीस, बेचाळीस, पन्नास असं होत होत तो शंभरापर्यंत गेला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. एकीने फक्त विचारलं, "आता पुढे काय करायचं असतं गं?" आणि सोनिया तिला सांगू लागली.

मंडळी पांगायच्या आधी मायाबाई एवढंच बोलल्या, "आज सीडी होती, म्हणून साबणाने भागलं. एखाद्या घरात दुखणं असतं, पोर आजारी असतं, आणि असाच कुणी शाल घेऊन येतो. तेव्हा दवाखान्याची वेळ टळून जाते, आणि एखाद्या बाईचा जन्म वाया जातो. चमत्कार दिसला तर नमस्कार उद्या करा. आज आधी विचारा, की शालीखाली काय चाललंय?"

हे कुणाला किती पटलं, देव जाणे. कारण पुढच्याच आठवड्यात मोतीबाई क्लासच्या वेळी दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पडलेला. आत सोनिया बायकांना माऊस धरायला शिकवत होती, आणि पहिल्या रांगेत मायाबाईंच्या शेजारी चष्मा लावून बनूबाई बसल्या होत्या.

"बनू, जरा बाहेर ये," मोतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आमची नणंद राहायला आलीय ना, तेव्हापासून मिक्सर फिरत नाय बघ. मला तर तिच्या पायगुणाचं..."

"मोते," बनूबाई जागेवरूनच म्हणाल्या, "मिक्सर घेऊन ये इथं. उघडून बघू. नणंदेला तुझ्या घरात सुखानं राहू दे."